केस लवकर वाढावेत म्हणून केलेले घरगुती उपाय: त्यांनी नेमके काय साधते?

गिरणाकाठ (तालुका चाळीसगाव)

माझी धाकटी मुलगी बारावीला आहे. गेल्या ऑक्टोबरमध्ये तिला डेंग्यू झाला. आठ-दहा दिवसांत ताप उतरला, दिवाळीपर्यंत ती हिंडूफिरू लागली आणि आम्ही सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. संक्रांतीच्या आसपास मात्र तिचे केस गळू लागले, आणि ते इतके की न्हाणीच्या जाळीवर रोज सुपारीएवढा पुंजका साचायचा. उशीवर केस, वहीच्या पानांत केस, कणकेच्या परातीत केस. मुलीने एका रिकाम्या डबीत रोजचे केस जमवून मोजायला सुरुवात केली होती, हे मला पंधरा दिवसांनी कळले. ती डबी उघडून पाहिल्यावर मला रात्रभर झोप लागली नाही.

त्यानंतरच्या महिनाभरात आमच्या घरात जे उपाय झाले ते जसेच्या तसे नोंदवते. जाऊबाईंनी कांद्याचा रस सांगितला, शेजारच्या काकूंनी एरंडेल, शाळेतील सहकारी बाईंनी रात्रभर भिजवलेल्या मेथीचा लेप, आणि मोबाइलवरच्या एका व्हिडिओने तांदळाचे पाणी. एकाच आठवड्यात या चारही गोष्टी एकाच डोक्यावर झाल्या. कांद्याच्या रसाने मानेवर लाल पुरळ उठले. दाट एरंडेल निघता निघेना म्हणून तीन-तीनदा शांपू लावावा लागला, आणि त्या घासाघाशीत जे केस गळणार नव्हते तेही तुटले. शेवटी आम्ही जळगावला त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी डोके पाहण्याआधी तापाची तारीख विचारली.

त्यांनी जे समजावून सांगितले ते मला आधी कोणी सांगितले असते तर एक महिना वाया गेला नसता. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढत राहतो, मग दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो नुसता मुळाशी अडकून राहतो आणि गळून पडतो; त्याच मुळातून नवा केस येतो. निरोगी डोक्यावर दहातले साधारण नऊ केस वाढीच्या अवस्थेत असतात, त्यामुळे रोज ५० ते १०० केस गळले तरी ते कोणाच्या लक्षात येत नाही. मोठा ताप, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपाशी राहून घटवलेले वजन अशा कारणांनी पुष्कळ मुळे एकाच वेळी विश्रांतीला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी त्या सगळ्यांचे केस एकदम गळतात. ऑक्टोबरचा ताप जानेवारीत डोक्यावर दिसला तो असा. म्हणजे ज्या दिवशी आम्ही कांदा किसायला घेतला, त्या दिवशी गळणाऱ्या केसांचा निकाल केव्हाच लागून गेलेला होता.

वाढीच्या वेगाबद्दलही तेच. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षभरात वीतभरसुद्धा नाही. आपल्याला जो केस दिसतो तो निर्जीव असतो. जिवंत असते ते त्वचेखालचे मूळ, आणि त्या मुळाला पोषण मिळते ते रक्तातून. वरून लावलेल्या लेपातले लोह किंवा प्रथिन तिथपर्यंत पोहोचत नाही. डॉक्टरांनी रक्त तपासले तेव्हा मुलीचे हिमोग्लोबिन ८.९ निघाले. तिची पाळी जास्त दिवस चालते हे आम्हाला ठाऊक होते, पण त्याचा संबंध केसांशी कोणी जोडला नव्हता.

आमच्या आजेसासूबाई नव्वदीच्या आहेत. त्या हे सर्व खाटेवरून पाहत होत्या. मी चौथ्यांदा मेथी वाटत असताना त्या अहिराणीत म्हणाल्या, "डोकाले तेल लावशी, पन पोटले काय देशी?" डॉक्टरांच्या चिठ्ठीत याहून वेगळे काही नव्हते.

तरीही तेल, शिकेकाई, माका, जास्वंद ही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली परंपरा निरर्थक आहे असे मला वाटत नाही. म्हणूनच हा धागा काढला आहे. माझी एकच विनंती आहे: आपला अनुभव लिहिताना केस मुळापासून गळत होते, मध्येच तुटत होते, की न गळता न तुटता लांबी अडून राहिली होती, हे स्पष्ट लिहावे. या तीन वेगळ्या तक्रारी आहेत आणि आपण तिन्हींना "केस वाढत नाहीत" असे एकच नाव देतो. ओळखण्याची सोपी रीत अशी की पडलेला केस काळ्या कापडावर ठेवून त्याची टोके पाहावीत. एका टोकाला मोहरीच्या दाण्याहून कितीतरी बारीक, पांढरट गाठ दिसली तर तो मुळापासून आलेला आहे, आणि दोन्ही टोके नुसती असतील तर तो तुटलेला आहे.

पांझराकाठ (धुळे)

गिरणाकाठ ताई, आपण केलेला गळणे आणि तुटणे हा भेद फार महत्त्वाचा आहे. माझे केस आज पंचावन्नाव्या वर्षी कंबरेपर्यंत आहेत, आणि त्याचे श्रेय लोक आमच्या घरच्या तेलाला देतात. माझे स्वतःचे मत असे आहे की तेलाने माझे केस वाढवले नाहीत, वाढलेले टिकवले. महिन्याला सव्वा सेंटीमीटर वर येत असेल आणि तेवढेच खालून तुटत असेल तर बाई दहा वर्षे म्हणत राहते की माझे केस खांद्याखाली जातच नाहीत.

२००३ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली होती. खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना, विंचरताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते. बाकीच्या दोन तेलांनी ते साधले नाही. ज्या कंपनीचे खोबरेल बाजारात आहे तिच्याच संशोधकांनी तो केला होता, हे लक्षात ठेवूनही तो मला पटतो, कारण त्यात दावा वाढीचा नसून झीज थांबवण्याचा आहे. खोबरेल धुण्याच्या आधी लावावे, नंतर नव्हे, हाही त्यातूनच निघणारा बोध आहे.

खोबरेल मात्र आपल्या खानदेशचे नव्हे. माझ्या आईच्या काळी घाण्यावरून तिळाचे तेल यायचे आणि तेच डोक्याला लागायचे. धुळ्याच्या थंडीत खोबरेलाची बाटली दगडासारखी होते, तिळाचे तेल ओघळते राहते. सोयही होती आणि शेतात तीळही होते. आमच्याकडचे तेल असे: अर्धा लिटर तिळाचे तेल, दोन मुठी ताजा माका, दहा-बारा जास्वंदीच्या फुलांच्या पाकळ्या आणि मूठभर कढीपत्ता. माका पाटाच्या कडेला, बांधावरच्या ओलीत पावसाळ्यात आपोआप उगवतो. त्याचे फूल पांढरे, बटणाएवढे असते, आणि खरी ओळख अशी की पाने तळहातावर चोळली की थोड्याच वेळात हात काळपट होतो. तो वाटून रस गाळून घ्यायचा, लोखंडी कढईत तेलात घालायचा आणि अगदी मंद आचेवर ठेवायचा. आधी तडतड होते, फेस येतो, मग आवाज हळूहळू बसत जातो. कढीपत्त्याचे पान झाऱ्यावर घेऊन बोटाने दाबले आणि ते कुरकुरीत मोडले की खाली उतरवायचे. पाण्याचा अंश राहिला तर पंधरा दिवसांत तेलाला खवट वास येतो आणि ते टाकून द्यावे लागते. माझे एकदा तसे झाले आहे.

लावायचे आठवड्यातून दोनदा, न्हाण्याआधी तासभर. रात्रभर ठेवण्याची गरज मला कधी वाटली नाही. बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने लावायचे, नखांनी नव्हे, आणि केस एकमेकांवर चोळायचे नाहीत. मालिशचा काही गुण असावा असे मला वाटते. जपानमध्ये नऊ पुरुषांनी २४ आठवडे रोज चार मिनिटे डोके चोळून घेतले तेव्हा त्यांच्या केसांची जाडी थोडी वाढलेली आढळली. नऊ माणसे म्हणजे फारच थोडी, पण मालिशला पैसे पडत नाहीत आणि डोके शांत होते.

निवृत्त परिचारिका (शिरपूर)

मी एकतीस वर्षे ग्रामीण आरोग्य सेवेत काढली आहेत. केस गळतात म्हणून विचारायला येणाऱ्या बायकांची मी आधी पापणी खाली ओढून बघायची, मग नखे आणि जीभ. ज्या बाईची पापणी आतून पांढरी, तिला माका सांगून काय उपयोग? २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात आपल्या देशातील १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे दर दोन बायकांमागे एकीहून अधिक. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की तो रक्तक्षय धरतात. शरीराजवळ लोह कमी असले की ते हृदयाला, मेंदूला, स्नायूंना आधी पुरवले जाते. केस हा शरीराच्या दृष्टीने शेवटचा हिस्सेदार आहे.

यावर घरचा उपाय आहे, आणि तो खानदेशच्या स्वयंपाकघरातच आहे. बाजरीची भाकरी, कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, मेथी, चवळी, मठ, हरभरा, तीळ, शेंगदाणे, बाळंतिणीला दिले जाणारे अळिवाचे लाडू, यांत लोह आणि प्रथिने दोन्ही आहेत. भाजी लोखंडी कढईत करावी. जेवताना लिंबू पिळून घ्यावे किंवा आवळा, कच्चा टोमॅटो, पेरू खावा, कारण पालेभाजीतले लोह क जीवनसत्त्वाच्या संगतीने अधिक शोषले जाते. आणि चहा जेवणाला लागून घेऊ नये. आपल्याकडे शेतावर जाणारी बाई सकाळी चहा आणि भाकरी एकत्र खाते आणि त्या भाकरीतले बरेचसे लोह त्या चहातच अडकून पडते. चहा तासभराने घेतला तरी पुरेसा आहे, सोडायला कोणी सांगत नाही.

मात्र हिमोग्लोबिन ८.९ असेल तर एकट्या आहाराने ते लवकर भरून येत नाही, लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतात. आशाताईंकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात त्या मोफत मिळतात. शाळकरी मुलींना आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळी तीच. पुष्कळ मुली ती दप्तरात ठेवून देतात, कारण शौचाला काळी होते आणि मळमळते. काळी होणे हे अपेक्षितच आहे आणि मळमळीसाठी गोळी जेवणानंतर घेता येते. एवढे समजावून सांगणारे कोणी नसते, म्हणून गोळ्या वाया जातात. हिमोग्लोबिन सुधारल्यावरही डॉक्टर आणखी तीन महिने गोळ्या चालू ठेवायला सांगतात, त्या थांबवू नयेत. रक्त भरले तरी साठा भरायला वेळ लागतो. पाळीचा त्रास आणि थायरॉइड या दोन्हींची तपासणी त्याबरोबरच करून घ्यावी.

केळीबाग (रावेर)

दोन गोष्टी लिहितो. आमच्या भागात केळीचा लेप डोक्याला लावण्याचे नवे वेड आले आहे. मी केळी पिकवतो, आणि माझ्या दोन्ही मुलींनी तो लावून पाहिला. पिकलेल्या केळीचे बारीक तंतू केसांत असे अडकतात की ते दोन दिवस विंचरून काढावे लागले, आणि त्यात केस तुटले ते वेगळेच. जळगावच्या केळीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे ते ती खाण्यासाठी. मुलींनी ती खावी.

दुसरी गोष्ट मात्र कांद्याच्या बाजूने आहे. सहा वर्षांपूर्वी माझ्या दाढीत आणि डोक्याच्या मागच्या बाजूला रुपयाएवढी चाई पडली होती. मी दोन महिने कांद्याचा रस लावला आणि केस परत आले. त्यामुळे कांदा निरुपयोगी आहे असे मी म्हणू शकत नाही.

गिरणाकाठ (तालुका चाळीसगाव)

केळीबाग दादा, आपला अनुभव मी नाकारत नाही, उलट तो अभ्यासाशी जुळतो. बगदादमध्ये ३८ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या २३ जणांनी दिवसातून दोनदा कांद्याचा रस लावला आणि सहा आठवड्यांनी २० जणांचे केस परत आलेले दिसले. साधे पाणी लावणाऱ्यांत हे प्रमाण फारच कमी होते. पण ते सर्व रुग्ण चाईचे होते. चाई म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उठते तो विकार, आणि त्यात अनेकदा केस आपोआपही परततात. तापानंतरच्या गळतीला किंवा वाढीचा वेग वाढवण्याला तो अभ्यास लागू होत नाही. कांद्याच्या बाबतीत सगळीकडे हीच गल्लत होते: एका आजारावरचे औषध सर्व डोक्यांना लावले जाते. माझ्या मुलीच्या मानेवरचे पुरळ जायला बारा दिवस लागले. ज्यांना लावायचेच आहे त्यांनी आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंब लावून एक दिवस वाट पाहावी. लसूण तर मुळीच लावू नये. लसणाच्या लगद्याने त्वचा अक्षरशः भाजते.

भुसावळची लेक (सध्या पुणे)

मी वसतिगृहात राहते. पुण्यात आल्यावर माझे केस "वाढू" लागले आणि सगळ्यांनी हवेला श्रेय दिले. नीट विचार केल्यावर मला दोन कारणे दिसतात.

पहिले कारण पाणी. आमच्या घरी बोअरचे पाणी आहे. त्यात तूरडाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही आणि बादलीच्या आत पांढरा थर बसतो. तोच थर शांपूच्या साक्याबरोबर केसांवर बसतो, केस राठ होतात, फणीत अडकतात आणि तुटतात. मुळावर त्या पाण्याचा परिणाम होत नसावा, पण लांबी मात्र टिकत नाही. आता सुटीत घरी गेल्यावर मी शेवटचे दोन तांबे पिण्याच्या पाण्याचे घेते. एका तांब्यात चमचाभर लिंबाचा रस टाकून तो केसांवरून ओतते आणि मग दुसऱ्या तांब्याने धुऊन टाकते. लिंबू डोक्यावर तसेच ठेवून उन्हात जाऊ नये, विशेषतः आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा. लिंबाच्या रसावर ऊन पडले की त्वचेवर काळे डाग आणि फोड येतात.

दुसरे कारण वेणी. शाळेत असताना आई सकाळी साडेसहाला मला समोर बसवून, तेल चोपडून, दोन अशा घट्ट वेण्या घालायची की माझ्या भुवया वर ओढल्या जायच्या. लाल रिबिनींचा तो ताण दहा वर्षे सहन केल्यावर कानांवरचे आणि कपाळाच्या कडेचे केस विरळ झाले. आईचे त्यात प्रेमच होते. घट्ट वेणी बांधली की केस लवकर वाढतात अशी तिची ठाम समजूत होती. पुण्यात मी सैल वेणी घालते, ओले केस विंचरत नाही, आणि विंचरताना टोकाकडून सुरुवात करून मुळाकडे जाते. कडेचे काही केस परत आले आहेत, सगळे आलेले नाहीत. ज्यांच्या मुली शाळेत आहेत त्यांनी कृपया आजच वेणी सैल करावी, कारण हा ताण फार वर्षे राहिला तर मूळ कायमचे मरते.

सातपुड्याचा पायथा (शहादा)

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. आमच्या भागात सीताफळे विपुल आहेत, आणि उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून डोक्याला लावण्याची जुनी पद्धत आहे. अलीकडे तीच पूड केस वाढवण्यासाठी म्हणूनही सांगितली जाते. ही पूड डोळ्यात गेली की बुबुळावर जखम होते. आमच्या वस्तीतील एका मुलीचा डोळा तीन आठवडे बंद होता, आणि डोके धुताना ओघळलेले पाणी एवढेच त्याचे कारण होते. उवांसाठी औषधाच्या दुकानात सुरक्षित औषध मिळते आणि बारीक दातांची फणी तर घरोघरी आहे. ही पूड कोणीही वापरू नये.

वैद्य (अमळनेर)

पांझराकाठ ताईंनी तेलाची जी रीत लिहिली आहे ती शास्त्रातील तैलपाकाच्या फार जवळची आहे, म्हणून थोडी भर घालतो. शास्त्रात वाटलेल्या वनस्पतीचा कल्क एक भाग, तेल चार भाग आणि रस किंवा काढा सोळा भाग असे प्रमाण सांगितले आहे. म्हणजे अर्धा लिटर तेलाला दोन लिटर रस. तेवढा रस घातला तर आटवायला पूर्ण दिवस लागतो, म्हणून घरी कमी घेतात. तेल तयार झाल्याची खूण अशी की कल्क बोटांत वळून त्याची वात होते आणि ती जाळली असता तडतडत नाही. तेलावर फेसही त्याच वेळी येतो. तुपाचे उलटे असते, तिथे फेस बसतो.

आता मर्यादाही सांगितली पाहिजे. आयुर्वेदाने केसांच्या तक्रारींना एक नाव दिलेले नाही: चाईला इंद्रलुप्त, टकलाला खालित्य आणि पिकण्याला पालित्य म्हटले आहे, आणि प्रत्येकाची चिकित्सा वेगळी आहे. माक्यावर आधुनिक पद्धतीचे जे प्रयोग झाले त्यांतील ठळक प्रयोग उंदरांवरचे आहेत. माणसांवर मोठे अभ्यास झालेले नसताना बाटलीवर "तीस दिवसांत केस दुप्पट" असे छापणे हा रुग्णाचा विश्वासघात आहे. ज्यांच्या डोक्यात तेलकट, पिवळसर कोंडा आणि खाज आहे त्यांनी तेल लावणे थांबवावे. त्या कोंड्यामागे एक बुरशी असते आणि तिला तेलातील स्निग्धाम्ले पोसतात. आजीच्या प्रेमाने लावलेल्या तेलानेच तिथे नुकसान होते. शिकेकाई आणि रिठा यांचा फेस सपोनिन या साबणासारख्या द्रव्यामुळे येतो. ते उत्तम स्वच्छता करतात, पण रिठ्याचे पाणी डोळ्यांना झोंबते, म्हणून लहान मुलांना जपून. बाजारच्या काळ्या मेंदीत रासायनिक रंग मिसळलेला असतो आणि त्याची तीव्र ॲलर्जी येते. मेंदीच्या पानांची पूड लालसर रंग देते, काळा नव्हे.

नुसता वाचक (नंदुरबार)

माझे वय सव्वीस आहे. कपाळाच्या दोन्ही बाजूंनी केस मागे सरकत आहेत. वडिलांचेही तिशीत असेच झाले. एक वर्ष जास्वंद आणि एरंडेल लावत आहे. आणखी किती दिवस लावावे?

वैद्य (अमळनेर)

दादा, आणखी एक दिवसही थांबू नका. ही आनुवंशिक गळती आहे. यात मुळे संप्रेरकांच्या परिणामाने हळूहळू बारीक होत जातात, आणि एकदा पूर्ण बारीक झालेले मूळ कोणत्याही तेलाने जागे होत नाही. त्वचारोगतज्ज्ञांकडे यावर सिद्ध औषधे आहेत, ती जितकी लवकर सुरू होतील तितके केस वाचतात. मी स्वतः आयुर्वेदाचा असूनही हे लिहीत आहे, कारण तुमचे एक वर्ष गेले आहे.

पांझराकाठ (धुळे)

एरंडेलाबद्दल माझ्याकडूनही एक गोष्ट. ते इतके चिकट असते की लांब केसांवर नुसते लावून चोळले तर केसांचा लोकरीसारखा गोळा होतो आणि तो कापूनच काढावा लागतो. एरंडेल घ्यायचेच तर तिळाच्या तेलात चौथाईहून कमी. आपल्याकडे असा गुंता झाला की काही घरांत त्याला देवीची जट म्हणतात आणि बाईला तो वर्षानुवर्षे वागवायला लावतात, मानेला ओझे होईपर्यंत. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी कित्येक बायकांच्या अशा जटा समजूत घालून कापल्या आहेत. तेल, धूळ आणि न विंचरणे यांपलीकडे जटेला दुसरे कारण नसते.

निवृत्त परिचारिका (शिरपूर)

पोटात घ्यायच्या गोळ्यांबद्दल लिहायचे राहिले होते. मुली औषधाच्या दुकानातून "केसांच्या गोळ्या" म्हणून बायोटिन (ब गटातले एक जीवनसत्त्व) घेतात. आपल्या साध्या जेवणाने बायोटिनची उणीव सहसा होत नाही, आणि त्याची मोठी मात्रा चालू असताना थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीआधी डॉक्टरांना ते सांगितले पाहिजे. जास्त म्हणजे चांगले हा हिशोब केसांना चालत नाही. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील गावांत जानेवारी २०२५ मध्ये लोकांचे केस दोन-चार दिवसांत हातात येऊ लागले आणि टक्कल पडले. सुरुवातीला सगळ्यांचा संशय पाण्यावर आणि शांपूवर होता. तपासण्यांत रुग्णांच्या शरीरात सेलेनियमचे प्रमाण फार वाढलेले आढळले. सेलेनियम हे शरीराला अगदी थोडे लागणारे द्रव्य आहे, आणि तेच अति झाले की केस जातात. अ जीवनसत्त्वाचेही तसेच आहे. म्हणून रक्त तपासल्याशिवाय गोळी नको.

केळीबाग (रावेर)

नातवाचे जावळ मनुदेवीला काढायचे आहे. केस दाट यावेत म्हणून सूनबाई आणखी दोनदा मुंडन करा म्हणते. त्याने फरक पडतो का?

निवृत्त परिचारिका (शिरपूर)

जावळ श्रद्धेने अवश्य काढा, पण दाट केसांसाठी पुन्हा वस्तरा लावू नका. वस्तऱ्याने मूळ बदलत नाही. बाळाच्या पहिल्या केसाचे टोक निमुळते असते आणि कापलेल्याचे बोथट, म्हणून हाताला ते जाड लागते. वय वाढेल तसे केस आपोआपच जाड होतात.

गिरणाकाठ (तालुका चाळीसगाव), जुलै

सर्वांना कळवायचे राहून गेले होते. मार्चअखेर गळती कमी झाली आणि मेमध्ये जवळजवळ थांबली. मुलीचे हिमोग्लोबिन आता ११.६ आहे, गोळ्या चालू आहेत, आणि पाळीच्या त्रासावर स्वतंत्र उपचार सुरू आहे. कपाळाच्या कडेने नवे केस आले आहेत, दोन बोटांएवढे, सरळ उभे राहणारे. वेणीत न मावणारे ते केस ती आरशात पाण्याने बसवायला जाते आणि ते पुन्हा उठतात. फेब्रुवारीपासून आजपर्यंतचे महिने मोजले तर ते महिन्याला सेंटीमीटरभरच वाढले आहेत, म्हणजे जितके सर्वांचे वाढतात तितकेच. डबी तिने स्वतःच टाकून दिली.

आजेसासूबाईंच्या सांगण्यावरून रात्रीच्या जेवणात कळण्याची भाकरी आणि लिंबू ठरलेले आहे, आणि चहा आता जेवणानंतर तासाभराने होतो. तेल आम्ही पुन्हा सुरू करणार आहोत, या वेळी वाढीच्या आशेने नव्हे तर हे नवे केस तुटू नयेत म्हणून. पाऊस चांगला झाला आहे आणि पाटाच्या कडेला माका गुडघ्याएवढा आहे. पांझराकाठ ताई, आमच्या अंगणात जास्वंद दुहेरी पाकळ्यांची आहे. ती चालेल की साधी पाच पाकळ्यांचीच हवी?

पांझराकाठ (धुळे)

दोन्ही चालतात, मी दोन्ही वापरल्या आहेत. देठ आणि खालची हिरवी वाटी काढून टाका, आणि पावसाची फुले असतील तर पाकळ्या एक दिवस सावलीत सुती कापडावर पसरून ठेवा, नाहीतर कढईतले पाणी लवकर आटत नाही. माका दुपारी, पानांवरचे पाणी वाळल्यावर तोडा. वाटताना हात काळे होतील. ते दोन दिवस तसेच राहतात, काळजी करू नका.